मेंबर झालात का, भाऊ?

कॅबवाल्यांचा संप म्हटला की आपलं डोकं फिरतं. पण स्टिअरिंगमागे बसलेल्या त्या माणसाला युनियनमधून, असोसिएशनमधून नेमकं मिळतं तरी काय?

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसातून निघेनिघेपर्यंत साडेआठ झालेत, लोअर परळला ट्रॅफिक तुंबलंय आणि ग्रुपवर मेसेज येऊन पडतो : आज कॅबवाल्यांचा संप. आपली पहिली रिअ‍ॅक्शन? 'शिट् यार, यांचं नेहमीचंच आहे!'

खरं सांगायचं तर 'युनियन' हा शब्द आपल्या डिक्शनरीत नाहीच. आपल्या लेखी तो काकांच्या पिढीतला. लाल झेंडे, गिरण्यांचे भोंगे वगैरे. आपल्याकडे कसं, एचआर असतो, अप्रेझल असतं, बॉसशी नाहीच पटलं तर नोटीस पिरियड भरून दुसरीकडे जॉइन होता येतं. कॅबवाल्याकडे काय असतं? एक गाडी, एक अ‍ॅप आणि दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला अकाउंटमधून उडणारा हप्ता.

उबर मुंबईत आली २०१४ मध्ये, ओला त्याच्या आधीपासून होतीच. सुरुवातीचे दिवस म्हणजे नुसती चंगळ होती. आपल्याला स्वस्त राइड, ड्रायव्हरला भरघोस इन्सेंटिव्ह. ते आकडे बघून कितीतरी पोरांनी लोन काढून गाडी घेतली आणि अ‍ॅपला 'अटॅच' केली. मग इन्सेंटिव्ह आटले. कमिशन कापलं जात राहिलं, डिझेल चढत गेलं, हप्ता मात्र तेवढाच राहिला. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईतल्या ओला-उबरच्या ड्रायव्हरांनी जवळपास दोन आठवडे गाड्या बंद ठेवल्या, तो याच गणिताचा परिणाम.

आता यातला एकटा ड्रायव्हर घ्या. भाडं ठरवतं अ‍ॅप. आयडी ब्लॉक झाला तर भांडायचं कोणाशी, तर कॉल सेंटरशी. त्याच्या हातात उरतं एकच बटण, लॉग-ऑफ. आणि हप्ता डोक्यावर असताना तेही फार वेळ दाबून ठेवता येत नाही.

काळी-पिवळीचा फंडा

याउलट आपली काळी-पिवळी बघा. तिचं भाडं ड्रायव्हरही ठरवत नाही आणि कंपनीही. ते ठरवतं मुंबई महानगर प्रदेश वाहतूक प्राधिकरण. त्यासाठी समित्या बसतात. २०१२ ची हकीम समिती, नंतरची खटुआ समिती. गाडीची किंमत, इंधन, मेंटेनन्स, इन्शुरन्स, महागाई या सगळ्याचा हिशोब होऊन दर किलोमीटरचा आकडा निघतो. पण हा हिशोब कोणीतरी फाइल घेऊन टेबलावर मांडावा लागतो, पुन्हा पुन्हा मांडावा लागतो. दिवसभर क्लच-ब्रेक करणारा माणूस हे कधी करणार? ते करते युनियन. मुंबई टॅक्सीमेन्स युनियनचे ए. एल. क्वाड्रोस हे नाव भाडेवाढीच्या बातम्यांत वर्षानुवर्षं झळकलं, ते त्यामुळेच. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांना संघटित करणाऱ्यांमध्ये एकेकाळी जॉर्ज फर्नांडिसही होते, हे जाता जाता.

युनियन आहे म्हणून जादू होते, असंही नाही हं! २०१५ ते मार्च २०२१ टॅक्सीचं किमान भाडं २२ रुपयांवरच अडकून पडलं होतं. मग ते २५ झालं, ऑक्टोबर २०२२ मध्ये २८ आणि १ फेब्रुवारी २०२५ पासून ३१. सहा वर्षं काही नाही आणि मग चार वर्षांत तीन वाढी. पाठपुरावा या शब्दाचा अर्थ असा असतो.

आणि खरी गंमत पुढे आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबईत अ‍ॅपवाल्या ड्रायव्हरांनी पुन्हा संप केला. मागणी काय होती? आम्हाला काळी-पिवळीइतका रेट द्या! ज्या टॅक्सीला आपण सगळ्यांनी 'आउटडेटेड' म्हणून निकालात काढलं होतं, तिचं भाडं चकाचक एसी गाडीवाल्यांना हवंहवंसं वाटायला लागलं. त्याआधी राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅप कॅबसाठी जे धोरण मंजूर केलं, त्यात भाड्यातला किमान ८० टक्के वाटा ड्रायव्हरला द्यायचं कलम आहे. अशी कलमं कोणी आपणहून लिहून देत नाही.

हप्त्याचा फास, न्यूयॉर्क स्टाइल

मुंबईत लढाई रेटची आहे. हप्ता गळ्याशी आला की काय होतं आणि संघटना तिथे काय करू शकते, हे बघायचं तर थेट न्यूयॉर्कला जावं लागेल. तिथल्या पिवळ्या टॅक्सीला 'मेडॅलियन' लागतं, म्हणजे आपल्या परमिटसारखं, पण विकता-विकत घेता येणारं. २०१४ च्या सुमाराला एका मेडॅलियनची किंमत दहा लाख डॉलरच्या वर गेली होती. स्थलांतरित ड्रायव्हरांनी डोळे मिटून कर्जं काढली. मग अ‍ॅप कॅब आल्या आणि भाव धाडकन कोसळला. कर्ज तेवढंच राहिलं. २०१८ मध्ये तिथे एकापाठोपाठ एक ड्रायव्हरांच्या आत्महत्या झाल्या.

तिथल्या टॅक्सी वर्कर्स अलायन्सच्या नेत्या आहेत भैरवी देसाई. जन्म गुजरातचा, लहानपणीच अमेरिकेत गेल्या. १९९८ मध्ये ही संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात तिने एका दिवसासाठी शहरातल्या टॅक्सी थांबवून दाखवल्या. २०२१ मध्ये ड्रायव्हर सिटी हॉलबाहेर ठाण मांडून बसले आणि शेवटी उपोषणाला उतरले. तेव्हा आमदार असलेले आणि पुढे न्यूयॉर्कचे महापौर झालेले झोहरान ममदानीही त्यात होते. पंधराव्या दिवशी, ३ नोव्हेंबरला, तोडगा निघाला. ज्यांच्या डोक्यावर पाच-पाच, सहा-सहा लाख डॉलरचं कर्ज होतं, त्यांचं मुद्दल १ लाख ७० हजारांवर आणायचं, हमी शहराची आणि महिन्याचा हप्ता जास्तीत जास्त १,१२२ डॉलर. बँकेच्या मॅनेजरसमोर एकेकटे हात जोडून बसले असते, तर यातलं काय मिळालं असतं? विचार करा.

आपल्याच देशातलं, जरा हसऱ्या चेहऱ्याचं उदाहरण हवंय? बेंगळुरूच्या रिक्षा युनियनने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये टेक कंपनीला हाताशी धरून 'नम्मा यात्री' हे अ‍ॅपच काढलं. कमिशन शून्य. पुढच्या वर्षीपासून ड्रायव्हरकडून राइडमागे साडेतीन रुपये किंवा दिवसाचे सरसकट २५ रुपये घ्यायला सुरुवात झाली, बास. आयटीवाल्यांच्या शहरात युनियनचं अ‍ॅप हिट व्हावं, सॉल्लिड ना!

पण दुसरी बाजूही बघायलाच हवी, नाहीतर गोव्याला जाऊन आलेले वाचक मला सोडणार नाहीत. तिथे २०१८ मध्ये 'गोवामाइल्स' अ‍ॅप आलं, तेव्हा स्थानिक टॅक्सी संघटनांनी जोरदार विरोध केला. मेंबरांची रोजीरोटी सांभाळणं हे संघटनेचं कामच आहे, मान्य. पण दार बंद करून बसलं की पॅसेंजर वैतागतो आणि वैतागलेला पॅसेंजर रेंटची स्कूटर घेतो. शिवाय गाडीमालक आणि शिफ्टवर चालवणारा ड्रायव्हर यांचा फायदा दर वेळी एकच असतो असंही नाही. असोसिएशन नक्की कोणाची आहे, हे बघावंच लागतं.

आणि हे सगळं तुम्हाला कशाला सांगायचं? तर आपल्यापैकी अनेकांच्या घरात हा विषय हल्ली निघतो. 'घरची गाडी नुसती उभीच असते, ड्रायव्हर ठेवून अटॅच करूया का?' किंवा गावाकडचा चुलतभाऊ फोन करतो, 'दादा, लोन करून गाडी टाकतोय, तू जरा पेपर्स बघशील?' पेपर्स जरूर बघा. पण त्याला हेही विचारा, मेंबर कुठे होतोयस? चांगल्या असोसिएशनचा खरा उपयोग संपाच्या दिवशी नसतोच. रात्री दोन वाजता गाडी ठोकली गेली आणि पोलीस चौकीत बसायची वेळ आली, तर येणारा माणूस लागतो. फिटनेस, परमिट, इन्शुरन्सच्या तारखा माहीत असलेला माणूस लागतो. अपघाताचा क्लेम कुठे आणि कसा लावायचा, हे सांगणारा वकील लागतो. नवख्या पोराला यातलं काहीच ठाऊक नसतं, आणि एजंट प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे लावतो.

मेंबर होण्याआधी चौकशी मात्र कसून करायची. रजिस्ट्रेशन आहे का, पदाधिकाऱ्यांची निवडणूक शेवटची कधी झाली, वर्षाचा हिशोब मेंबरांना दाखवतात का, गेल्या वर्षी किती जणांच्या केसेस हाताळल्या. जुन्या दोन मेंबरांना स्टँडवर गाठून हेच परत विचारायचं. आणि वर्गणी भरली की तिथल्या तिथे पावती मागायची. पावतीपुस्तक सापडत नसेल, तर चहा प्यायचा आणि निघायचं.