विश्लेषण : लोणार सरोवराचे पाणी खारे राहणे का गरजेचे?

नांदेड-लातूरकडे पाण्याची पारख एकाच प्रश्नाने होते : ते पिण्याजोगे आहे का? २०१६ च्या उन्हाळ्यात तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मराठवाड्याच्या सीमेलगतच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराला मात्र ही कसोटी लागू पडत नाही. तेथील पाणी गोडे होणे हाच बिघाड ठरतो. तो कसा?

पाणी खारे कशामुळे?

बेसॉल्ट खडकावर अशनी आदळून सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर तयार झाले. त्यात झऱ्यांचे आणि पावसाचे पाणी येते, पण बाहेर जायला वाट नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. त्यामुळे पाण्याचा सामू (पीएच) १० च्या आसपास पोहोचला. अशा पाण्यात नेहमीचे मासे तग धरत नाहीत; हिरवे-निळे शेवाळ आणि क्षारप्रिय सूक्ष्मजीव मात्र वाढतात. हीच या सरोवराची ओळख.

२०२० मध्ये रंग का बदलला?

त्या वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले. वन विभागाने नमुने पाठवल्यावर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण शोधले : पाणी आटून क्षारता वाढली आणि ‘हॅलोआर्किया’ या सूक्ष्मजीवांची संख्या वाढली. गुलाबी रंगद्रव्य त्यांचेच. म्हणजे तो रंग प्रदूषणाचा नव्हता.

मग धोका कशाचा?

विवराच्या काठावरच लोणार शहर आहे. तेथील सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद सरोवरात उतरले, की शेवाळ बेसुमार माजते आणि कुजताना प्राणवायू खाते. दुसरा धोका सहसा ध्यानात येत नाही. गोड्या पाण्याची आवक प्रमाणाबाहेर वाढली, तर क्षारता आणि सामू दोन्ही घसरतात. मग गोड्या पाण्यातले जीव शिरतात आणि मूळचे सूक्ष्मजीव मागे हटतात. एकदा गेलेली ही सृष्टी पुन्हा आणून सोडता येत नाही.

तपासणी कशी हवी?

एका बाटलीतल्या नमुन्यावरून निष्कर्ष निघत नाही. झऱ्याच्या मुखाशी, मध्यभागी आणि तळाशी पाणी वेगवेगळे असते. उन्हाळा-पावसाळ्यातही फरक पडतो. म्हणून ठरलेल्या जागी, दर ऋतूत सामू, क्षारता, प्राणवायू, नत्र-स्फुरद, मलजन्य जिवाणू आणि पाणीपातळी यांची नोंद लागते. वर्षानुवर्षांची नोंद असेल तरच नेहमीचा चढउतार कोणता आणि बिघाड कोणता, हे कळते.

संरक्षण आहे का?

कागदावर भक्कम आहे. १९७९ मध्ये राष्ट्रीय भू-वारसा स्मारक, २००० मध्ये वन्यजीव अभयारण्य आणि २०२० मध्ये रामसर पाणथळ स्थळ असे दर्जे सरोवराला मिळाले. संवर्धनाचा प्रश्न जनहित याचिकेद्वारे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेला. मात्र पाणी वरच्या वस्तीतूनही येते. सरोवराचे भवितव्य म्हणूनच शहराच्या गटारांवर आणि शौचालयांच्या टाक्यांवर ठरणार आहे.