मनाचे दुखणे आणि गावाचा आधार

गावात एखाद्याच्या गोठ्याला आग लागली, तर हाक ऐकताच आळीतील माणसे घागरी-बादल्या घेऊन धावतात. कोणाच्या घरी मृत्यू घडला, तर शेजारच्या घरांतून न सांगता पिठले-भाकरी येते. संकटात एकमेकांसाठी धावून जाण्याची ही रीत आपल्या ग्रामजीवनाची मोठी ठेव आहे. परंतु त्याच गावात एखाद्याचे मन खचले, त्याची झोप उडाली, शेतावर जाण्याची उमेद संपली, तर हाक ऐकू येत नाही. कारण ती दिलीच जात नाही. घरची माणसे दार लोटून घेतात, शेजारी न पाहिल्यासारखे करतात आणि दुखणे वाढत जाते. तापाच्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेणारे कुटुंब मनाच्या रुग्णाला तेथे नेण्यास अनेकदा वर्षानुवर्षे कचरते. हे मौन मोडणे हे आरोग्य खात्याचे काम तर आहेच, परंतु त्याहून अधिक ते समाजाचे काम आहे.

प्रश्नाचे स्वरूप

बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने, म्हणजेच ‘निमहान्स’ने, २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. पाहणीच्या वेळी प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे त्यात आढळले. हजार प्रौढांच्या वस्तीचे गाव धरले, तर या प्रमाणानुसार तेथे शंभराहून अधिक माणसे मदतीच्या गरजेत असतील. त्याहून गंभीर बाब उपचारांची आहे. निरनिराळ्या विकारांनी पीडित असलेल्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते.

याची अत्यंत दुःखद परिणती आत्महत्यांच्या रूपाने दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या. त्या वर्षी सर्व राज्यांमध्ये ही संख्या सर्वाधिक होती. या विषयाची चर्चा बहुधा शेतकऱ्यांपुरती होते आणि तो प्रश्न बिकट आहेच. तथापि, देशभरातील शेतीक्षेत्रातील मृत्यू त्या वर्षी ११,२९० होते, तर एकूण मृतांपैकी सुमारे एक चतुर्थांश रोजंदारीवर काम करणारी माणसे होती. गृहिणी आणि विद्यार्थी यांची संख्याही मोठी होती. हे दुःख कोणत्याही एका व्यवसायाचे किंवा एका हंगामाचे नाही, हे ग्रामपातळीवर काम करणाऱ्यांनी ध्यानात घेतले पाहिजे.

मौनाची कारणे

माणसे का बोलत नाहीत, याचा विचार केल्याशिवाय त्यांना बोलते करता येणार नाही. पहिले कारण भाषेचे आहे. मनाच्या दुखण्यासाठी लोकव्यवहारात ‘वेड’ हा एकच शब्द सरसकट वापरला जातो. नैराश्य, चिंतारोग, व्यसनाधीनता, छिन्नमनस्कता, वृद्धापकाळातील स्मृतिभ्रंश ही सारी भिन्न दुखणी त्या एका शब्दाखाली ढकलली जातात. त्यामुळे ज्याला केवळ झोप येत नाही आणि कशातच मन लागत नाही, तोही ‘लोक मला वेडा म्हणतील’ या धास्तीने गप्प राहतो.

दुसरे कारण सोयरिकीचे. घरात मनोरुग्ण आहे असे कळले, तर मुलीचे लग्न जमणार नाही, ही भीती अनेक आईवडिलांना वाटते. तिसरे कारण म्हणजे दुखण्याचा अर्थ लावण्याची पद्धत. बाहेरची बाधा, करणी, देवाचा कोप अशी कारणे शोधली जातात आणि कुटुंब प्रथम देवऋषीकडे जाते. श्रद्धेने मनाला दिलासा मिळत असेल, तर त्यास कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. मात्र, त्या पायी औषधोपचार लांबला, मारहाण झाली किंवा रुग्णाला साखळदंडाने बांधून ठेवले, तर तो अन्याय आहे आणि कायद्याने गुन्हाही आहे. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा बांधून ठेवणे यांस महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने बंदी घातलेली आहे.

भिंतींतून समाजाकडे

मनोरुग्णाला समाजापासून दूर भिंतीआड ठेवावे, हीच दृष्टी दीर्घकाळ रूढ होती. १९१२ च्या कायद्याचे नावच मुळी ‘वेड्यांविषयीचा कायदा’ असे होते. या दृष्टीला छेद देणारा एक प्रयोग १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात झाला. तेथील डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबूंमध्ये राहण्यास बोलावले. आपल्या माणसाची शुश्रूषा करता करता कुटुंबाची भीती कमी झाली आणि बरे झालेले रुग्ण घरी परतू लागले. उपचारात कुटुंबाचे स्थान काय, हे त्या तंबूंनी दाखवून दिले.

पुढे १९७५ पासून हरियाणातील रायपूर राणी आणि बंगळूरजवळील सकलवारा येथे ग्रामीण भागात मानसिक आरोग्यसेवा पोहोचविण्याचे प्रयोग झाले. त्यांच्या अनुभवावर १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखण्यात आला. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन तो अजमावण्यात आला आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

दरम्यान ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका आश्रयगृहाच्या झोपडीला आग लागली. आतील मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही आणि २८ जणांचा मृत्यू झाला. या घटनेने देशाला हादरा दिला.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. शासनाने चालविलेल्या किंवा शासनाच्या अर्थसाहाय्यावर चालणाऱ्या सेवांमधून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे, असे त्याच्या कलम १८ मध्ये म्हटले आहे. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क कलम २३ देते. रुग्णास साखळीने बांधण्यास हा कायदा पूर्णतः मनाई करतो. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे कलम ११५ गृहीत धरते आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर टाकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडसंहितेतील कलम ३०९ सारखी सरसकट शिक्षेची तरतूद उरलेली नाही. अशा प्रसंगी पोलिसांच्या भीतीने दवाखान्यात जाणे टाळण्याचे कारण राहिलेले नाही, हे गावोगावी सांगितले गेले पाहिजे.

दोन अनुभव

समाजाने हात दिला, तर काय घडते, याचे दोन बोधप्रद अनुभव महाराष्ट्राच्याच मातीतील आहेत. विदर्भात ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प ग्रामीण भागात राबविण्यात आला. गावातील कार्यकर्त्यांनी घरोघरी मनाच्या दुखण्याविषयी माहिती दिली आणि त्रस्त व्यक्तींना प्रथम आधार दिला. त्यापुढील पायरीवर प्रशिक्षित समुपदेशक होते आणि गरज असलेल्यांसाठी मनोविकारतज्ज्ञांची भेट ठरविण्यात येई. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांमधील या कामाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रकल्पापूर्वी नैराश्याने त्रस्त असलेल्यांपैकी केवळ ४.३ टक्के लोक मदत घेत होते. दीड वर्षानंतर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. या वाढीचा पाया मोठी इमारत नव्हती; गावात सुरू झालेले बोलणे हा तो पाया होता.

दुसरा अनुभव नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्याचा. तेथे २०१३ ते २०१५ या काळात ‘आत्मीयता’ हा उपक्रम ४१ गावांत चालला. गावातीलच विश्वासू माणसे त्यासाठी निवडण्यात आली. बचत गटांतील स्त्रिया आणि शेतकरी मंडळांतील सदस्य ‘मित्र’ म्हणून त्रस्त व्यक्ती ओळखत. अधिक प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक अशा व्यक्तीला चार-सहा वेळा भेटून तिचे म्हणणे ऐकत, अडचणीतून मार्ग काढण्यास साहाय्य करीत आणि आजार तीव्र असल्यास सरकारी रुग्णालयाशी जोडून देत. कौटुंबिक कलह, दारू, बेकारी यांसारख्या विषयांवरील छोटे चित्रपट मोबाइलवर दाखवून बोलण्यास सुरुवात केली जाई. निवृत्तिवेतन किंवा अन्य शासकीय योजनांचा लाभ मिळवून देणे हाही या मदतीचाच भाग होता. कारण मनाचे ओझे पुष्कळदा रिकाम्या डब्यातून आणि थकलेल्या हप्त्यातून आलेले असते. पुढे हाच उपक्रम गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर राबविण्यात आला.

ऐकण्याची रीत

या अनुभवांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. पहिली मदत करण्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही. नीट ऐकता आले पाहिजे. ‘एवढ्याने काय होते’, ‘मन घट्ट कर’, ‘तुला काय कमी आहे’ ही वाक्ये सद्भावनेने उच्चारली जातात, पण समोरच्याचे तोंड बंद करतात. त्याऐवजी ‘गेले काही दिवस तुम्ही गप्प दिसता, काय होते आहे?’ असे विचारून थांबावे. उत्तर यायला वेळ लागतो. मधेच उपदेश करू नये.

झोप व भूक उडणे, नेहमीच्या कामातून लक्ष जाणे, माणसांना टाळणे, मद्यपान वाढणे, विनाकारण रडू येणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर दवाखान्यात जाण्याचा सल्ला द्यावा. ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असे कोणी म्हटले, तर ते कधीही थट्टेवारी नेऊ नये. जीव देण्याचा विचार मनात येतो का, असे आपुलकीने व सरळ विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो हा समज चुकीचा आहे. उलट विचारल्याने ओझे हलके होते. अशा व्यक्तीला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके कुलपात किंवा दुसरीकडे ठेवावीत आणि त्याच दिवशी मदत मिळवावी. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून तो चोवीस तास उपलब्ध असतो आणि तेथे मराठीतूनही बोलता येते.

औषधांविषयीही गैरसमज आहेत. नैराश्यावरील औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात; चार दिवसांत फरक नाही म्हणून ती सोडू नयेत आणि बरे वाटले म्हणून डॉक्टरांना न विचारता थांबवू नयेत. रुग्णाने गोळ्या वेळेवर घेतल्या का, हे प्रेमाने विचारणारा एक शेजारी उपचाराला मोठे बळ देतो.

प्रत्येकाचा वाटा

ग्रामपंचायतींच्या विकास आराखड्यात ‘आरोग्यदायी गाव’ हा एक विषय आहे. त्याखाली मानसिक आरोग्याचे काम घेता येते. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत हा विषय नियमित ठेवावा. महिला सभेत तो आवर्जून मांडावा. जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांचा वार, वेळ व टेली-मानसचा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा. हे काम अर्ध्या तासाचे आहे. त्यासाठी निधी लागत नाही.

शिक्षकांचे स्थान तर मोक्याचे आहे. अनेक मनोविकारांचा प्रारंभ किशोरवयात किंवा तारुण्याच्या उंबरठ्यावर होतो. हसतमुख मूल अचानक मागच्या बाकावर जाऊन बसू लागले, गैरहजर राहू लागले, तर ते प्रथम शिक्षकालाच दिसते. निकालाच्या दिवसांत पालकसभा घेऊन गुण म्हणजे मुलाचे मोल नव्हे, हे सांगणारा शिक्षक गुणपत्रिकेपेक्षा मोठे काम करतो.

अधिकाऱ्यांनी सेवा अखंड राहील हे पाहिले पाहिजे. गावाने रुग्णाला धीर देऊन रुग्णालयापर्यंत आणले आणि तेथे औषध नसले किंवा डॉक्टर नसले, तर तो पुन्हा येत नाही आणि त्याच्याबरोबर इतर दहा जणही येत नाहीत. लोकांना बोलते करावयाचे आणि सेवा मात्र अपुरी ठेवावयाची, असे चालणार नाही. औषधांचा साठा, रिक्त पदे आणि तालुका पातळीवरील बाह्यरुग्ण तपासणी यांचा आढावा म्हणूनच जनजागृतीइतका महत्त्वाचा आहे.

एक खबरदारी सर्वांनीच घ्यावयाची आहे. मोकळेपणा म्हणजे चव्हाट्यावर आणणे नव्हे. एखाद्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट पारावर गेली, तर त्या गावात पुढे कोणीही तोंड उघडणार नाही. कोणाचेही नाव न घेता विषयावर बोलावे आणि नाव घेऊन केवळ त्या व्यक्तीशीच बोलावे, हा नियम कसोशीने पाळला पाहिजे. जीव वाचविण्याची तातडी असेल, तेव्हाच कुटुंबाला किंवा डॉक्टरांना सांगावे आणि तेही त्या व्यक्तीला कल्पना देऊन.

देवी, क्षय, कुष्ठरोग या रोगांविरुद्ध महाराष्ट्रातील गावांनी शासनाच्या खांद्याला खांदा लावून काम केले आहे. कुष्ठरुग्णाला दूर लोटणारा समाज त्याला जवळ करण्यास शिकला, तो औषधाबरोबरच माणसांनी बदललेल्या दृष्टीमुळे. मनाच्या दुखण्याबाबत तीच वाट चालावयाची आहे. ज्या दिवशी एखादा शेतकरी चावडीवर बसून ‘डोकेदुखीसाठी दवाखान्यात गेलो होतो’ इतक्याच सहजपणे ‘मन ठीक नव्हते, म्हणून डॉक्टरांकडे जाऊन आलो’ असे म्हणेल आणि ऐकणारे ‘आता बरे वाटते ना?’ एवढेच विचारतील, त्या दिवशी त्या गावाने मोठी मजल मारली असे समजावे.