जुना संगणक घेताना

अ‍ॅपल-१ : १९७६. मूळ किंमत ६६६.६६ डॉलर. जेमतेम २०० बनले; आता लिलावातच दिसतो.

कमोडोर ६४ : १९८२, ५९५ डॉलर, मेमरी ६४ किलोबाइट. लाखोंनी खपला, म्हणून आजही सापडतो. मूळ अडॅप्टर मात्र बेभरवशाचा. आतला रेग्युलेटर गेला की ५ व्होल्टच्या जागी जास्त दाब जातो आणि मेमरी चिप जळतात. आधी मल्टिमीटर, मग स्विच.

बीबीसी मायक्रो : १९८१, ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचा. १९८४च्या ‘क्लास’ योजनेतून तो भारतातल्या शाळांतही पोहोचला.

काय बघावे?

• मदरबोर्डवरची बॅटरी. अमिगा २०००मधली निकेल-कॅडमियम बॅटरी गळते आणि तांब्याच्या रेषा खाते. हिरवट डाग ही त्याची खूण.

• पिवळे पडलेले प्लॅस्टिक. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून अतिनील प्रकाशात ठेवल्यास उजळते, पण पुन्हा पिवळे पडू शकते.

• ‘चालू’ आणि ‘न तपासलेला’ यांतला फरक. दुसऱ्यात बिघाड गृहीत धरूनच भाव करावा.

• वीज. अमेरिकी यंत्रे बहुधा १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.