द्राक्ष, प्याला आणि दुबळा शेजारी

जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या आसपास द्राक्षांचे मळे आहेत, आणि जेथे द्राक्षे पिकतात तेथे त्यांच्या मद्याचा प्रश्न आज ना उद्या उपस्थित होणारच. १९८० नंतरच्या दशकात याच भागात वाइनचा कारखाना चालू झाला होता. पुढे २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय केला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे नवे सुभाषित राज्यभर गाजले. त्याच्या पुष्ट्यर्थ ख्रिस्ती धर्माची साक्षही काढण्यात येते. ज्यांच्या देवळात द्राक्षारसाचा प्याला पवित्र, ज्यांच्या प्रभूने लग्नघरी पाण्याचा द्राक्षारस केला, त्यांस जे चालते ते आम्हांस का चालू नये?

साक्षीदार बोलाविला म्हणजे त्याची जबानी पुरी ऐकली पाहिजे, हा कोर्टातील साधा नियम आहे. काना गावच्या लग्नाची कथा खरी; पौलाने तीमथ्यास पोटाच्या विकारासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले, हेही खरे. परंतु त्याच पौलाने इफिसकरांस मद्याने झिंगण्याची मनाई केली, आणि रोमकरांस तर याहून मोठी गोष्ट सांगितली: आपल्या खाण्यापिण्याने भावास ठेच लागत असेल, तर ते न घेणेच बरे. सारांश, प्याला स्वतः पाप नव्हे, झिंगणे पाप. आणि दुर्बलासाठी आपला हक्क सोडणे हाच धर्म.

हा उपदेश ग्रंथातच राहिला असेही नाही. रोमन कॅथलिक पंथात मिस्सासाठी आंबविलेला द्राक्षारसच लागतो. परंतु १८६९ साली अमेरिकेतील टॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने पाश्चरच्या रीतीने रस तापवून तो आंबणार नाही अशी तजवीज केली, ती प्रभुभोजनाच्या प्याल्यातही मद्य नसावे म्हणून. मुक्तिफौजेचा सैनिक तर मद्याला न शिवण्याची प्रतिज्ञाच करतो.

परक्यांची उदाहरणे नकोत, असे कोणी म्हणेल, तर आमच्या पुणे जिल्ह्यातच केडगावला मुक्तिसदन आहे. ते स्थापन करणाऱ्या पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या, आणि १८८६ साली अमेरिकेस गेल्या. तेथे मद्यपानाविरुद्ध स्त्रियांनी उभारलेला संघ त्यांनी डोळ्यांनी पाहिला, त्याच्या अध्यक्षा फ्रान्सिस विलर्ड यांचा स्नेह जोडला, आणि १८८९ साली आपल्या मराठी प्रवासग्रंथात ती हकीकत आम्हां मराठी वाचकांस सांगितली. नवऱ्याच्या पेल्याची किंमत बायको आणि मुले देतात, हे त्या स्त्रियांस कोणा पंडिताने शिकवावे लागले नव्हते.

कायद्यानेही हा भेद ओळखला आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात धर्मविधीच्या द्राक्षारसास वाट ठेवली. ती वाट वेदीपर्यंत जाते, गुत्त्यापर्यंत नव्हे. २००८ पासून तर गावातील स्त्रियांस गुप्त मतदानाने दारूचे दुकान बंद करविण्याचा मार्गही खुला झाला, आणि ‘आडवी बाटली’ हे शब्द घरोघरी माहीत झाले.

बागाईतदाराने द्राक्षास भाव मागू नये, असे आम्ही म्हणत नाही. पण बाजारातील द्राक्ष, बेदाणा व न आंबविलेला रस यांनी कोणाचा संसार मोडत नाही. जुन्नर-आंबेगावच्या व्यापारी बंधूंस आमचे इतकेच विचारणे आहे: आठवडे बाजाराच्या दिवशी ज्या मजुराची मजुरी घरी पोहोचण्यापूर्वीच संपते, त्याच्या बायकोसमोर उभे राहून ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य आपण उच्चाराल काय? उच्चारवत नसेल, तर दुसऱ्याच्या धर्मातील प्याला पुढे करण्यापूर्वी त्या धर्मातील त्यागही पुढे करावा.