सामना राखणाऱ्या गोलंदाजाचें मोल

अमेरिकेंत बेसबॉलचा हंगाम सुरू झाला कीं मैदानावरील संघांखेरीज आणखी असंख्य संघ खेळूं लागतात. ते केवळ कागदावरचे. मित्रमंडळींतील प्रत्येक जण खऱ्या खेळाडूंतून निवड करून आपला एक काल्पनिक संघ उभा करतो, आणि ते खेळाडू मैदानांत जी कामगिरी करतील तिच्या आंकड्यांवरून कोणाचा संघ सरस हें ठरतें. १९८० सालीं डॅनियल ओक्रेंट व त्याचे स्नेही यांनीं हा खेळ ज्या पद्धतीनें मांडला, तिला न्यूयॉर्कमधील एका फ्रेंच उपाहारगृहाच्या नांवावरून 'रोटिसेरी' असें नांव पडलें. पुढें ही करमणूक लाखों लोकांत पसरली. तींत सर्वांत फसवें काम म्हणजे रिलीफ पिचरची, अर्थात् पहिला गोलंदाज दमल्यावर त्याच्या जागीं येणाऱ्या गोलंदाजाची पारख.

बेसबॉलचा सामना नऊ डावांचा. सुरुवातीचा गोलंदाज पांचसहा डाव टाकून थकतो. पुढील डाव ताज्या दमाचे गोलंदाज सांभाळतात, आणि थोड्या आघाडीवर असतांना नववा डाव ज्याच्या हातीं देतात त्यास 'क्लोजर' म्हणतात. त्याच्या नांवावर 'सेव्ह', म्हणजे सामना राखल्याचें श्रेय, जमा होतें. ही कल्पना शिकागोचे क्रीडालेखक जेरोम होल्ट्झमन यांची. १९६९ पासून तिची अधिकृत नोंद होऊं लागली व हल्लींचा नियम १९७५ पासूनचा आहे. आघाडी तीन धावांची किंवा तिच्याहून कमी असतां येऊन निदान एक डाव टाकला आणि सामना जिंकून संपविला कीं सेव्ह मिळतो. (नियमांत आणखी दोन वाटा आहेत, पण बहुतेक सेव्ह याच वाटेनें येतात.) तीन धावांच्या आघाडीवर आलेल्यानें दोन धावा दिल्या तरी श्रेय अबाधित! उलट सातव्या डावांत तिन्ही बेस प्रतिपक्षानें व्यापलेले असतां येऊन ज्यानें संकट निवारलें व मग जागा दुसऱ्यास दिली, त्यास सेव्ह नाहीं. परीक्षेपूर्वी महिनाभर वर्ग हातीं आलेल्या मास्तरास साऱ्या निकालाचें श्रेय द्यावें, तशांतला हा प्रकार.

२००७ च्या हंगामांत क्लीव्हलँडच्या जो बोरोव्स्कीनें ४५ सेव्ह मिळविले. अमेरिकन लीगमध्यें तो आंकडा सर्वांत मोठा होता. क्षेत्ररक्षणाच्या चुकांनीं झालेल्या धावा वगळूनही दर नऊ डावांमागें त्यानें दिलेल्या धावांची सरासरी मात्र ५·०७ होती, म्हणजे सामान्याहूनही वाईट. त्याच संघांत बहुधा त्याच्या आधींचा डाव टाकणाऱ्या राफाएल बेटनकोर्टची सरासरी १·४७, आणि सेव्ह अवघे तीन. ज्यानें बेटनकोर्टला कागदी संघांत घेतलें त्याची सरासरी सुधारली, पण सेव्हचा रकाना रिकामा राहिला. ज्यानें बोरोव्स्कीला ठेवलें त्याचें नेमकें उलट झालें. आणि २००८ च्या हंगामाच्या मध्यासच क्लबनें बोरोव्स्कीला काढून टाकलें. तात्पर्य, मोल दोन गोष्टींचें करावयाचें असतें : गोलंदाजाच्या हाताचें व त्याच्या पदाचें. ही दोन मापें एकाच तागडींत घातलीं कीं घोटाळा झालाच.

हाताची परीक्षा धावांच्या सरासरीवरून करूं नये. क्लोजर वर्षाकाठीं जेमतेम ६० ते ७० डाव टाकतो. ६० डावांत दोनच दिवस वाईट गेले व प्रत्येक वेळीं चार धावा गेल्या, तर तेवढ्यानेंच सरासरी १·२० नें वाढते. त्याहून विश्वासू साक्षीदार म्हणजे स्ट्राइक-आउट व वॉक. पहिल्यांत फलंदाज चेंडू न टोलवितां बाद होतो, दुसऱ्यांत गोलंदाजाच्या चुकलेल्या फेकींमुळें त्यास पहिला बेस फुकट मिळतो. दोहोंतही क्षेत्ररक्षकाचा हात नाहीं व दैवाचाही फारसा नाहीं. हल्लीं शंभर फलंदाजांमागें सुमारें बावीस स्ट्राइक-आउट होतात व आठ वॉक दिले जातात. या दोहोंतील अंतर ज्याचें पुष्कळ मोठें, त्याचा हात चांगला समजावा.

एडविन डियाझचें उदाहरण पाहण्याजोगें आहे. २०१८ सालीं सिअॅटलकडून त्यानें ५७ सेव्ह मिळविले, सरासरी १·९६. त्या वर्षीं सिअॅटलनें ८९ सामने जिंकले, तरी केलेल्या धावांपेक्षां दिलेल्या धावा अधिक होत्या. म्हणजे विजय पुष्कळदां निसटते, व म्हणूनच सेव्हच्या संधी विपुल. पुढच्या वर्षीं तो न्यूयॉर्कच्या मेट्स संघांत गेला आणि सरासरी एकदम ५·५९ वर चढली. पुष्कळांनीं त्याच्यावर फुली मारली. परंतु स्ट्राइक-आउट पहिल्या वर्षीं ७३⅓ डावांत १२४ व दुसऱ्या वर्षीं ५८ डावांत ९९; दर डावामागें हें प्रमाण दोन्ही वर्षीं सुमारें १·७. बिघडलें तें मुख्यतः होम-रनचें मान : पांचावरून पंधरा. हात शाबूत होता. २०२२ मध्यें त्यानें ६२ डावांत ११८ स्ट्राइक-आउट घेतले, आणि सरासरी १·३१ वर आली.

पदाची परीक्षा अधिक कठीण, कारण ती व्यवस्थापकाच्या मनांत शिरून करावी लागते. ज्याच्याशीं क्लबनें मोठ्या रकमेचा करार केला आहे, त्यास एकदोन अपयशांनीं सहसा हलवीत नाहींत. स्वस्तांत मिळालेल्यास हलवितात. जुलैच्या अखेरीच्या सुमारास हरणारे संघ आपले क्लोजर विकतात, आणि नव्या संघांत नववा डाव आधींच दुसऱ्याच्या हातीं असला तर सेव्हचा झरा त्या दिवशींच आटतो. कांहीं संघ तर असें पद ठेवीतच नाहींत : २०२१ मध्यें टँपा बे रेज संघानें १०० सामने जिंकले, आणि त्याचे सेव्ह दहांहून अधिक गोलंदाजांत वाटले गेले. अशा संघांतील गोलंदाज हातासाठीं घ्यावा, सेव्हसाठीं नव्हे. व लिलावांत त्याची बोलीही तेवढीच करावी.

हा सर्व खटाटोप कागदावरचा आहे असें म्हणून सोडून द्यावा, तर सेव्हचा आंकडा खऱ्या खेळाडूंच्या वेतनांतही डोकावतो. न्यूयॉर्क यांकीजचा डेलिन बेटान्सेस २०१४, २०१५ व २०१६ या तिन्ही वर्षीं मानाच्या ऑल-स्टार संघांत निवडला गेला, आणि प्रत्येक वर्षीं त्यानें शंभराहून अधिक फलंदाज स्ट्राइक-आउट केले. परंतु तो मुख्यतः शेवटच्या डावाच्या आधीं येत असे. तीन वर्षांचे सेव्ह मिळून २२. त्यानें ५० लाख डॉलर मागितले, क्लबनें ३० लाख देऊं केले. हा क्लोजर नव्हे, अशी क्लबची बाजू होती. वाद लवादाकडे गेला. फेब्रुवारी २०१७ मध्यें निकाल क्लबच्या बाजूनें लागला, आणि बेटान्सेसला ३० लाख मिळाले.