लाइटच्या वायरमधून इंटरनेट: आधी कुणाचा नंबर?

राउटर हॉलमध्ये, आपली खोली दोन भिंतींपलीकडे. म्हणून आपण पॉवरलाइन अ‍ॅडॉप्टर लावतो आणि नेट थेट लाइटच्या वायरिंगमधून खोलीत येतं. पण ऐन ऑनलाइन इंटरव्ह्यूच्या वेळी धाकट्याने गेमचं अपडेट लावलं, की आपला आवाज तुटायला लागतो. यावर उपाय आहे.

आधी हे समजून घ्या, की ही वायर म्हणजे अरुंद बोळ. एका वेळी एकच अ‍ॅडॉप्टर बोलतो, बाकीचे थांबतात. मग आधी कोण? होमप्लग एव्ही या स्टँडर्डमध्ये त्यासाठी ० ते ३ अशा ४ पातळ्या आहेत. डेटा पाठवायच्या आधी अ‍ॅडॉप्टर जणू हात वर करतात. वरच्या पातळीचा हात दिसला, की खालचे गप्प. पातळी सारखीच असेल, तर मात्र नशिबाचा खेळ.

आता सेटिंग. अ‍ॅडॉप्टरच्या कंपनीचं सॉफ्टवेअर उघडा आणि ‘क्यूओएस’ शोधा. सगळ्या मॉडेल्समध्ये ते नसतं, आधी बघून घ्या. असेल तर मी असं करतो: इंटरव्ह्यूच्या लॅपटॉपचा मॅक अ‍ॅड्रेस टाकून त्याला ३ देतो, टीव्हीला १ आणि मोठ्या डाउनलोडच्या मशीनला ०. नियम राउटरजवळच्या अ‍ॅडॉप्टरवरही लावायचा बरं का, कारण समोरच्याचा आवाज तिकडूनच येतो.

फोनसाठी एक गंमत आहे. अँड्रॉइड १० पासून बरेच फोन प्रत्येक वाय-फायला वेगळा मॅक दाखवतात. त्यामुळे खोक्यावरचा नको, त्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये दिसतो तोच घ्या.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. सगळ्यांनाच ३ दिलं, तर कुणालाच काही दिलं नाही! दुसरं, या नियमांनी स्पीड वाढत नाही, फक्त रांग बदलते. अ‍ॅडॉप्टर एक्स्टेन्शन बोर्डवर असेल, तर आधी भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. तिसरं, गर्दी वायरमध्ये नसून बाहेरच्या कनेक्शनवर असेल, तर नियम राउटरमध्येच लावावा लागतो. २० एमबीपीएस अपलोड मिळत असेल, तर तिथे मर्यादा १८ ठेवून बघा.

आणि हो, हे सगळं इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी करा. मुद्दाम मोठं डाउनलोड लावून मित्राला व्हिडिओ कॉल करा. आवाज टिकला, की झालं काम. भेटू पुढच्या भागात!