पुण्यात आलेली इटली

लीगचा हिशेब : भाग ६

०-५ हा स्कोअर फ्रँको कोलोंबा यांच्या वाट्याला पावणेतीन वर्षांत दोनदा आला. पहिल्यांदा ७ जानेवारी २०१२ रोजी, मिलानच्या सान सिरो मैदानावर. ते तेव्हा पार्मा क्लबचे प्रशिक्षक होते आणि इंटरने पार्माचा पाच गोलांनी धुव्वा उडवला. दोन दिवसांत कोलोंबांना नारळ मिळाला. दुसऱ्यांदा १८ ऑक्टोबर २०१४ रोजी, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. आता ते एफसी पुणे सिटीचे प्रशिक्षक होते. मुंबई सिटीच्या आंद्रे मोरिट्झने तीन गोल ठोकले. इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) इतिहासातली ही पहिली हॅटट्रिक. पराभवाची चर्चा झाली, पण कोलोंबा हंगाम संपेपर्यंत पदावर कायम राहिले.

माणूस तोच, स्कोअर तोच. पुण्याचे मालक दिलदार आणि पार्माचे कोत्या मनाचे, अशातला भाग नाही. खरा फरक होता तो गुणतालिकेच्या तळाशी काय वाढून ठेवलंय याचा. गेल्या पाच भागांत आपण लीगचे विजेते, पैसा, खेळाडूंचे बाजार हे सगळं पाहिलं. सेरी ए, म्हणजे इटलीची अव्वल फुटबॉल लीग, मात्र वरून खाली वाचून नीट कळत नाही. ती खालून वर वाचावी लागते. त्यासाठी आपल्या हाताशी महाराष्ट्रातलंच एक उदाहरण आहे, म्हणून वाट पुण्यावरून काढली आहे.

२०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा पुण्याचा संघ वाधवान समूह आणि अभिनेता हृतिक रोशन यांचा होता, आणि त्यांनी भागीदार निवडला तो फ्लोरेन्सचा फिओरेंटिना क्लब. मग माणसंही तिकडूनच आली. प्रशिक्षक कोलोंबा. गोलरक्षक इमान्युएले बेलार्डी, एके काळी युव्हेंटसमध्ये बुफॉनच्या मागे बाकावर बसलेला. बचावफळीत ब्रुनो चिरिल्लो. आणि आघाडीला डेव्हिड त्रेझेगे. हा फ्रान्सचा, पण कारकिर्दीची ऐन दहा वर्षं युव्हेंटसमध्ये काढलेला, २००१-०२ च्या सेरी ए हंगामात २४ गोल करून अव्वल गोलवीरांत बसलेला. पुण्यात उतरला तेव्हा तो सदतिशीच्या उंबरठ्यावर होता.

चिरिल्लोची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. फेब्रुवारी २००४ मध्ये तो सिएनाकडून इंटरविरुद्ध खेळला. सामना संपल्यावर मैदानाबाहेर जायच्या बोगद्यात इंटरच्या मार्को मातेराझ्झीने त्याला ठोसा मारला आणि मातेराझ्झीवर दोन महिन्यांची बंदी आली. दहा वर्षांनी दोघंही भारतात, एकाच स्पर्धेत. चिरिल्लो पुण्यात, तर मातेराझ्झी चेन्नईयिनचा खेळाडू-प्रशिक्षक. जुनी भांडणं मिटवायला माणसं काशीला जातात, हे दोघं आयएसएलला आले.

पुण्याचा पहिला सामना १४ ऑक्टोबरला दिल्लीत झाला. समोरच्या संघात त्रेझेगेचा युव्हेंटसमधला जुना सहकारी अलेस्सांद्रो देल पिएरो. निकाल ०-०. चार दिवसांनी ती नेरूळची धूळधाण. मग २६ ऑक्टोबरला बालेवाडीत गोव्याला २-० असं हरवलं. त्रेझेगे आणि ग्रीसचा कात्सूरानिस यांनी गोल केले. बालेवाडीच्या मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे, त्यामुळे प्रेक्षक खेळापासून लांब बसतात आणि खेळाडूंचा आरडाओरडा वर पोचत नाही. तरी त्या दिवशी पुणं खूश होतं. पुढे मात्र गाडी रडतखडत चालली. १४ सामन्यांत ४ विजय, ४ बरोबरी, ६ पराभव, १६ गुण, आठ संघांत सहावा क्रमांक. त्रेझेगेच्या नावावर स्पर्धेत दोन गोल लागले आणि जानेवारीत त्याने खेळातूनच निवृत्ती घेतली.

आता प्रश्न असा, की पुणे सहाव्याऐवजी आठवं आलं असतं तर काय बिघडलं असतं? उत्तर सोपं आहे. काहीच नाही. पुढच्या वर्षी तेच आठ संघ, तीच मैदानं, नवे परदेशी खेळाडू.

इटलीत तसं नसतं. सेरी एमध्ये २० क्लब. प्रत्येकजण प्रत्येकाशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या घरी आणि एकदा त्यांच्या. म्हणजे ३८ फेऱ्या, ऑगस्टपासून मेअखेरपर्यंत. जिंकलं तर ३ गुण, बरोबरी झाली तर १. वरचे चार क्लब युरोपच्या चॅम्पियन्स लीगला जातात, ही बाब सगळ्यांना माहीत असते. तळाचे तीन क्लब खाली, सेरी बीमध्ये जातात, आणि तिथून तीन वर येतात. क्लब एकदा खाली गेला की टीव्हीचा पैसा आटतो, चांगले खेळाडू पांगतात, प्रायोजक करार फिरवून मागतात. सतराव्या आणि अठराव्या क्रमांकातला हा फरक पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणूनच छोट्या क्लबांच्या गावात सतरावं येण्याचाही जल्लोष होतो. आणि म्हणूनच कोलोंबांसारख्या माणसांना काम मिळत राहतं. एप्रिल २०११ मध्ये पार्मा तळाकडे सरकू लागलं, तेव्हा शेवटच्या सात सामन्यांसाठी त्यांनाच बोलावलं होतं. त्यांनी क्लब वाचवला, बारावा आणून ठेवला. नऊ महिन्यांनी त्याच क्लबने त्यांना घरी पाठवलं. इटलीत याचं कुणाला फारसं आश्चर्य वाटत नाही.

वर्धा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला या दोन लीगमधला फरक वेगळा समजावून सांगायला नको. मूग साठ-सत्तर दिवसांत हाती येतो. तूर जूनच्या पेरणीपासून डिसेंबर-जानेवारीपर्यंत वावरात उभी असते, आणि तेवढ्या काळात पावसाचा खंड, धुकं, अळी असं सगळं तिच्या अंगावरून जातं. पहिली आयएसएल १२ ऑक्टोबरला सुरू झाली आणि २० डिसेंबरला संपली. बरोबर सत्तर दिवस.

तळाची भीती म्हणजे नेमकं काय, हे ११ जून २०२३ च्या एका सामन्यात दिसलं. त्या हंगामात ३८ फेऱ्यांनंतर वेरोना आणि स्पेझिया या दोन क्लबांचे सारखेच ३१ गुण झाले. एक सतरावा, एक अठरावा, पण कोण कुठला हे ठरेना. नवा नियम असा होता, की अशा वेळी त्रयस्थ मैदानावर एकच सामना खेळवायचा. मैदान ठरलं रेज्जो एमिलियाचं. पाचव्या मिनिटाला वेरोनाच्या दाविदे फाराओनीने गोल केला. स्पेझियाने बरोबरी साधली, पण न्गोंजने मध्यंतराआधी दोन गोल करून वेरोनाला ३-१ असं पुढे नेलं. दुसऱ्या अर्धात तोच फाराओनी गोलच्या तोंडाशी हाताने चेंडू अडवून बसला. लाल कार्ड, वर स्पेझियाला पेनल्टी. गोलरक्षक मोंतिपोने ती अडवली. दहा जणांच्या वेरोनाने उरलेला वेळ कसाबसा काढला आणि सेरी ए राखली. स्पेझिया खाली गेलं. एका माणसाने एकाच सामन्यात क्लब वाचवलाही आणि बुडवतही आणला. योगायोग पाहा, कोलोंबांची नोकरी घालवणाऱ्या त्या ०-५ मधला एक गोल याच फाराओनीचा होता.

वेरोना हा काही किरकोळ क्लब नव्हे. १९८४-८५ मध्ये मॅराडोनाचं नापोली आणि प्लातिनीचं युव्हेंटस यांना मागे टाकून त्याने सेरी ए जिंकली होती. विजेतेपदाची पुण्याई पुढच्या पिढीला तळातून वाचवायला उपयोगी पडत नाही.

पुण्याला आलेल्या मंडळींकडे पुन्हा पाहिलं तर लक्षात येतं, की यातला जवळजवळ प्रत्येकजण त्या तळाला हात लावून आलेला होता. भागीदार फिओरेंटिना २००२ मध्ये दिवाळखोर झाला होता. नाव गेलं, सेरी ए गेली, आणि ‘फ्लोरेन्तिया विओला’ या नव्या नावाने त्याला चौथ्या श्रेणीत सुरुवात करावी लागली. आन्जेलो दी लिव्हियो हा राष्ट्रीय संघातून विश्वचषक खेळून आलेला खेळाडू त्याच्यासोबत खाली गेला. दोन वर्षांत, २००४ मध्ये, क्लब सेरी एमध्ये परतला. यात मधली एक पायरी लीगच्या मेहेरबानीने गाळली गेली, हेही खरं.

त्रेझेगेची गोष्ट तर सिनेमात शोभेल अशी. ९ जुलै २००६ रोजी बर्लिनमध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. इटलीविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये त्याचा फटका आडव्या दांड्यावर आदळला आणि फ्रान्स हरलं. पाचच दिवसांनी इटलीत निकाल लागला. पंचांच्या नेमणुकांवर दबाव आणल्याच्या प्रकरणात, जे फोनवरची संभाषणं बाहेर आल्यामुळे उघड झालं, युव्हेंटसची दोन विजेतेपदं गेली आणि क्लबला इतिहासात प्रथमच सेरी बीमध्ये ढकलण्यात आलं. अपिलानंतरही वजा १७ गुणांनी सुरुवात करायची होती. इब्राहिमोविच, कानावारो, व्हिएरा बाहेर पडले. बुफॉन, देल पिएरो, नेदवेद आणि त्रेझेगे थांबले. ९ सप्टेंबरला, बर्लिनच्या त्या रात्रीनंतर बरोबर दोन महिन्यांनी, युव्हेंटस समुद्रकाठच्या रिमिनी या गावात सेरी बीचा पहिला सामना खेळलं आणि १-१ असं अडकलं. वर्षभरात मात्र सेरी बी जिंकून क्लब वर आला.

ही सगळी माणसं पुण्यात आली, पण त्यांना घडवणारी ती जिवावरची स्पर्धा विमानात बसून येणार नव्हती. तिशी उलटलेल्या खेळाडूंनी मन लावून खेळलं नाही, असा आरोप तेव्हा झाला. तो अर्धवट आहे. त्यांच्यासमोर पणाला लावण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं.

भारतात अशी स्पर्धा नव्हती असंही नाही. २०१४ मध्ये देशाची अधिकृत अव्वल लीग आय-लीग होती, आयएसएल नव्हे, आणि आय-लीगला तळ होता. १८९१ सालचा कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग त्याच वर्षी खाली घसरला. पुण्यातही आय-लीगचा एक क्लब होता, पुणे एफसी. २००७ मध्ये स्थापन झालेला, २०१२-१३ मध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या मागे देशात दुसरा आलेला. तोही बालेवाडीतच खेळायचा. त्रेझेगेच्या झगमगाटात या क्लबाकडे फार कुणी पाहिलं नाही, आणि पुढच्या वर्षभरात तो बंद पडला. मुंबईचा महिंद्रा युनायटेड तर २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकूनही २०१० मध्येच गुंडाळला गेला होता. महाराष्ट्रातले क्लब मैदानावर हरून संपत नाहीत. ते मालकाच्या बैठकीत संपतात.

तळाला दरवाजा असतो, तो वरही उघडतो, हे विदर्भाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं. सास्सुओलो हे उत्तर इटलीतलं फरशा बनवणाऱ्या कारखान्यांचं गाव. वस्ती चाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या आर्वीएवढी. तिथला क्लब पायरी पायरीने वर चढत २००८ मध्ये सेरी बीत आणि २०१३ मध्ये सेरी एत पोचला. २०१५-१६ मध्ये सहावा येऊन युरोपात खेळला. २०२४ मध्ये घसरला आणि लगेच पुढच्या वर्षी परतला. नागपूर आणि कामठीत फुटबॉलचं वेड जुनं आहे; विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन उभं केलेलं काम ‘झुंड’ या चित्रपटामुळे २०२२ मध्ये सगळ्या महाराष्ट्राला कळलं. पण वर्ध्याहून दीड तासावर असलेल्या या पट्ट्यातला एखादा क्लब खेळून, जिंकून आयएसएलपर्यंत जाईल अशी शिडी तेव्हा नव्हती. ती पहिल्यांदा लावली गेली २०२३ मध्ये, आय-लीग जिंकलेल्या पंजाबच्या क्लबसाठी. खाली जाण्याचा दरवाजा तेव्हाही बंदच राहिला.

पार्मा आणि पुणे सिटी, कोलोंबांचे हे दोन संघ पुढे कुठे गेले हे सांगायचं राहिलं. पार्मा मार्च २०१५ मध्ये दिवाळखोरीत निघालं, त्या हंगामात विसावं आलं आणि चौथ्या श्रेणीत फेकलं गेलं. तिथून सलग तीन वर्षं वर चढत २०१८ मध्ये ते सेरी एमध्ये परत आलं. एफसी पुणे सिटीने कोलोंबांनंतर इंग्लंडचे डेव्हिड प्लॅट आणले, मग आणखी प्रशिक्षक बदलले आणि २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा उपांत्य फेरी गाठली. पुढच्याच हंगामानंतर पैशांच्या अडचणीत संघ मोडला. २०१९ मध्ये आयएसएलमधली त्याची जागा हैदराबाद एफसी या नव्या संघाला गेली. मार्च २०२२ मध्ये हैदराबादने केरळा ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकली, तेव्हा पुण्यात आयएसएलचा संघच उरला नव्हता.

(पुढील भागात : गोव्याच्या क्लबांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग का काढून घेतलं)